डाव्या कानातला नाद

नादयोग शिकवणाऱ्या गुरुजींनी माझ्या शेजारी बसणाऱ्या काकांना फसवलं. मी साक्षीदार आहे.

गेल्या वर्षी, २००५ साली, अमेरिकेतल्या चँडलर गावात एका घराच्या गॅरेजमध्ये आमचा क्लास सुरू झाला, अजून दर शनिवारी सकाळी भरतो. काका निवृत्त होऊन मुलाकडे आलेले. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा रुमालात गुंडाळून ठेवायचे, मग अंगठ्यांनी कान बंद करून आतला नाद शोधायचे. मला सहा महिन्यांत काही ऐकू आलं नाही. काकांच्या डाव्या कानात मात्र एके दिवशी घंटेसारखा आवाज सुरू झाला, तो थांबेचना.

"डॉक्टरला दाखवू का?" त्यांनी विचारलं.

"काका, लोक यासाठी जन्म घालवतात. तुम्ही तो औषधाने बंद करणार?" गुरुजी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, मनातून जळत होतो तरी.

काका डॉक्टरकडे गेले नाहीत. थंडी संपेपर्यंत तो कान बहिरा झाला. वेळेवर आला असतात तर कान वाचला असता, असं नंतर तपासून डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मी भडकलो, तेव्हा काकांनी माझा हात धरला.

"आवाज अजून आहे हो. आता त्याच्यासोबत बसायची भीती वाटते."

मी घासाघीस करत किराणा दुकान उभं केलं. माल माहीत नसेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगतो. गुरुजी, तुम्हाला 'मला माहीत नाही' एवढं का सांगता आलं नाही? येत्या शनिवारी काकांच्या उजव्या बाजूला बसा आणि त्यांना ऐकू येईल असं उत्तर द्या.