ट्रकला हळद लागली तेव्हा

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या चाळीत दोघांना हळद लागली. एक मला आणि दुसरी मामाच्या ट्रकला. माझी लवकर उतरली. ट्रकच्या बंपरवरची मात्र पुढचा पावसाळा येईपर्यंत दिसत होती, आणि मामाने ती मुद्दाम पुसली नव्हती.

मी लहान असतानाच आई गेली. आजोळी वाढले, तालुक्याच्या गावच्या शाळेत शिकले आणि दहावी झाल्यावर मामा मला भांडुपला घेऊन आला. ऐंशी सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मामाचा ट्रक तेव्हाही जुनाच होता. त्यात विटा जायच्या, रेती जायची, कधी मढहून सुके बोंबील यायचे. मुलुंडच्या कॉलेजात पहिल्या दिवशी मामाने मला त्याच ट्रकमधून सोडलं. फाटकापाशी ब्रेक लावताना डावं चाक फुटपाथवर चढलं. मुलं हसली. मी मात्र मोठ्या ऐटीत खाली उतरले. आमच्या घराण्यात कॉलेजच्या दारात पोचलेली मी पहिलीच होते, मग बोंबलांचा वास येत का असेना!

"गाडी जरा डावीकडे ओढते गं," मामा म्हणाला. "सवयच आहे तिला."

मी बी.एस्सी. झाले त्या दिवशी मामाने ट्रकच्या नाकाला हार घातला. या चाकांनी तुला शिकवलं, म्हणाला, आता लग्नालाही तुला याच गाडीतून नेणार. मी स्वतः चालवणार. बघच तू.

लग्न ठरलं बोरिवलीला. मुलाकडचे भले लोक, वऱ्हाडासाठी बस पाठवतो म्हणाले. मामाने नको सांगितलं, तरी त्यांनी बस राखून ठेवली. मग हळदीच्या आदल्या दिवशी मामा आणि मामी घाटकोपरहून भाड्याची भांडी आणायला ट्रक घेऊन गेले. येताना एका खड्ड्यात दणका बसला आणि ट्रक जो डावीकडे निघाला तो भाजीवालीच्या टोपलीपुढे जाऊन थांबला. मामी खाली उतरली. रुखवताची परात डोक्यावर घेऊन चालत घरी आली आणि उंबऱ्यातूनच बोलली, "त्या गाडीत माझी भाची बसणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ती सरळ चालली तर ठीक. नाहीतर बस."

 मामा त्या रात्री नीट जेवलाही नाही.  बस आली असती तर मी बोरिवलीला पोचलेच असते, लग्नही लागलं असतं. पण माझा मामा, ज्याने मला इथवर आणलं, तो पाहुण्यासारखा खिडकीशी बसून आला असता.

सकाळी मिस्त्री आले. ते मालवणचे, मामाचे जुने दोस्त, आग्रा रोडवर त्यांचं छोटं गॅरेज होतं. त्यांनी चाळीच्या अंगणात ट्रकची पुढची बाजू जॅकवर उचलली. इकडे वर पहिल्या मजल्यावर मला हळद लागत होती. हळद लागली की नवरीने खाली उतरायचं नाही, असा मामीचा कायदा. गॅलरीत उभं राहायची परवानगी मात्र तिने दिली, तीही "कठड्याला हात लावू नकोस, पिवळा होईल," या अटीवर. त्यामुळे पुढचं सगळं मी वरून पाहिलं, नाटकाच्या बाल्कनीतून बघावं तसं.

मिस्त्रींनी चाक वरून आणि खालून धरून हलवलं. खड् खड् आवाज आला.

"बेरिंग असेल," मामा म्हणाला.

"ब्रेक दाब मरे," मिस्त्री म्हणाले. मामाने केबिनमध्ये चढून ब्रेक दाबला. चाक जखडलं, तरी खडखड चालूच. "बघ. बेरिंग आसता तर गप बसला असता. किंगपिन गेली हा तुझी."

ज्या जाड खिळीवर पुढचं चाक डावं-उजवं वळतं ती किंगपिन. ती घणाने ठोकून काढायला दुपार झाली. प्रत्येक घावाबरोबर वर भिंतीवरची कॅलेंडरं थरथरत होती आणि ओव्या म्हणणाऱ्या बायका नकळत घणाच्या ठेक्यावर ओव्या म्हणायला लागल्या होत्या. मला हसू आवरेना. मामी डोळे वटारत होती, पण तिची मानही ठेक्यावरच हलत होती.

नवी किंगपिन आणि तिच्याभोवतीचे बुश बसले. मामाने ट्रक रस्त्यावर फिरवून आणला. स्टिअरिंगची थरथर गेली होती, पण ओढ तशीच. फाटकातून आत येताना डावा आरसा पुन्हा खांबाला घासला.

"बस सांगू?" मामीने वरूनच विचारलं.

"वहिनी, वायच थांबा," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले. "पुढचो अ‍ॅक्सल गाडयेक काटकोनात आसा की नाय ता बघूक व्हया. चार चाकांच्या मधून ओळंबो सोडतलंय, जमिनीवर चार खुणा करतलंय. मगे गाडी मागे घेवन् चौकोन बघायचो. लांब दोरी व्हयी माका."

अंगणात दोरी होती ती मांडवाला बांधलेली. मामाची नजर मामीच्या हातातल्या सुताच्या गुंडीवर गेली. आमच्याकडे हळद लावताना नवरीच्या चार बाजूंना चार तांबे मांडून त्यांच्याभोवती सूत फिरवतात. ते नुकतंच झालं होतं.

"ते सूत दे ना," मामा म्हणाला.

"शुभकार्याचं सूत? ट्रकला?"

"अगं, उद्या तीच तर वऱ्हाड नेणार. ती पण घरचीच ना?"

मामी थांबली. मला वाटलं आता भांडणार. पण मामीचं डोकं वेगळंच चाललं होतं. "हळदीचं सूत हळद न लागलेल्याभोवती फिरवत नाहीत," ती म्हणाली आणि वाटी घेऊन जिना उतरली. मागोमाग चाळीतल्या सगळ्या सवाष्णी. आंब्याच्या पानांनी त्यांनी ट्रकच्या नाकाला, दोन्ही दिव्यांना आणि बंपरला हळद लावली. कुणीतरी ओवीत माझ्या नावाऐवजी गाडीचा नंबर घातला. मिस्त्री हात जोडून म्हणाले, "माझ्या गॅरेजात हा करू नुको हां, गिऱ्हायका पळतील!"

मग ओळंबा सोडला गेला. सुताला नट बांधून. खडू नव्हता, म्हणून खुणाही हळदीनेच झाल्या. ट्रक सगळ्यांनी ढकलून मागे नेला. जमिनीवर चार पिवळे ठिपके राहिले. मामीने पदर खोचला, वरून आणलेले चारही तांबे त्या ठिपक्यांवर ठेवले, आणि सवयीच्या हाताने सूत फिरवलं. सूत खाली पडू द्यायचं नाही म्हणून दोन सवाष्णी ते उचलून धरत होत्या.

"मामी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकंही मोज!" मी गॅलरीतून ओरडले. मी भौतिकशास्त्र शिकले होते, माझ्याने राहवेना.

"तू नवरी आहेस, नवरीसारखी बस!" असं म्हणत मामी मागे सरली, कमरेवर हात ठेवून तिने चौकोनाकडे बघितलं, आणि पुढच्या डाव्या तांब्याकडे बोट दाखवलं. "हा मागे आलाय. असे तांबे मी मांडले असते ना, तर सासूबाईंनी मला पुन्हा मांडायला लावले असते."

मिस्त्रींनी सूत दुमडून दोन्ही बाजू मोजल्या. डावी बाजू चांगली दोन बोटं कमी भरली. मी मान लांब करून बघितलं, आणि वरून तर ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मी कायदा विसरून कठड्याला दोन्ही हात लावले. पिवळ्या पंजांचे ते ठसे नंतर बरेच दिवस राहिले.

मिस्त्री लगेच ट्रकखाली शिरले. डाव्या पाट्याखालून, म्हणजे ज्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर पुढचा भार असतो तिच्या बुडाशी, त्यांनी बॅटरी मारली. पट्ट्यांना आणि अ‍ॅक्सलला एका जागी धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटला होता. कधीचा तुटला होता देव जाणे. अ‍ॅक्सलचं डावं टोक हळूहळू मागे सरकत गेलं होतं आणि कालच्या खड्ड्याने आणखी सरकलं. म्हणून गाडीचं तोंडच डावीकडे.

"सवय म्हणत होतात ना तिची!" मामी मामाला म्हणाली. "सवय नव्हे, दुखणं होतं बिचारीला." दुपारपर्यंत ज्या ट्रकला ती शिव्या देत होती तो आता बिचारी झाला होता.

नवा बोल्ट बसला, पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळले, पुन्हा ओळंबा, पुन्हा तांबे, पुन्हा सूत. या वेळी मामीने चौकोनाकडे बघून मान डोलावली. शेवटी मिस्त्रींनी बांबूची काठी घेऊन पुढच्या चाकांमधलं अंतर समोरून आणि मागून मोजलं आणि चाकं समोरच्या बाजूला अगदी किंचित आत घेतली. "आता सोडून दी स्टिअरिंग. रुळावर चलतली."

उजेड होता तोवर परीक्षा घ्यायची ठरली. मामी स्वतः केबिनमध्ये बसली. मामाने ट्रक रस्त्यावर काढला, आणि आम्ही सगळे गॅलरीत श्वास रोखून उभे. ट्रक थेट उजवीकडे निघाला.

"वाट लागली!" खालून कुणीतरी म्हणालं.

मिस्त्री धावत गेले. मामाला उतरवून स्वतः बसले. ट्रक सुतासारखा सरळ गेला आणि आला. मामा पुन्हा बसला. ट्रक उजवीकडे. मग मिस्त्री रस्त्याच्या कडेलाच मटकन बसले आणि पोट धरून हसायला लागले. "अरे, गाडी सरळ झाली! तूच वाकडो झालंस!"

इतकी वर्षं गाडी डावीकडे ओढायची म्हणून मामाचे हात तिला उजवीकडे ओढत आले होते. आता गाडीची ओढ गेली होती, पण हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. मामाचा चेहरा पडला. मामीची अट गाडीची होती. ड्रायव्हरचं काय करायचं?

मामी उतरली नाही. "चला," ती म्हणाली. "पुन्हा."

संध्याकाळभर ते दोघं त्या रस्त्यावर येत-जात राहिले. मामाचे हात उजवीकडे गेले की मामी म्हणायची, "अहो." एवढंच. तो हात सैल सोडायचा. आम्ही वरून मोजत होतो. आधी दर खांबाला एक "अहो" ऐकू यायचं, मग दोन-तीन खांबांनंतर. दिवे लागले तेव्हा ती उतरली आणि गॅलरीतल्या सगळ्यांना म्हणाली, "बस नको म्हणून कळवा त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मागे वऱ्हाड, केबिनमध्ये मामा, मधे मामी आणि खिडकीशी मी, मुंडावळ्या वाऱ्यावर. पवईला तलाव उजव्या हाताला लागला. मामा पाण्याकडे बघून काहीतरी सांगायला लागला आणि ट्रकही पाण्याकडे बघायला निघाला. "अहो!" एकट्या मामीने नव्हे, मागच्या सगळ्या वऱ्हाडाने एका सुरात हाक दिली. ट्रक सरळ झाला. मी इतकी हसले की मुंडावळ्या नाकावर आल्या. पुढे बोरिवलीपर्यंत पुरुषसुद्धा "अहो" ओरडत होते, गरज नसतानाही.

सासर मंगल कार्यालयाच्या पलीकडच्याच गल्लीत होतं. पाठवणी झाली, माप ओलांडलं, आणि मी घाईने फाटकाशी आले. मला पोचवायला आलेला मामाचा ट्रक निघत होता. ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे, फाटकही उजवीकडे. मामाने मला शेवटचं बघायला मान वळवली, आणि मानेबरोबर ट्रकही माझ्याकडे वळला.

इंजिनाच्या आवाजातूनही मामीचा आवाज आला, "अहो."

ट्रक सरळ झाला. गल्लीच्या टोकापर्यंत तो अगदी सरळ गेला. रडायचं होतं ते मी विसरूनच गेले.