बटणावर भरोसा नसलेला माणूस

लाल बटण दाबून रेचा, म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र, बंद केला, की आमचा वायरमन फ्यूज उपसून खिशात टाकायचा, आणि मगच सरकी-कापसात कुणाला हात घालू द्यायचा. "बटनावर भरोसा नाही करत मी," म्हणायचा. जिनिंग कारखान्यातल्या बाया हसायच्या. "चाचा, चाचीवर तरी करता का?"

"तिच्यावर करतो. तिच्यात स्प्रिंग नाही."

तुम्ही म्हणाल, काळजी घेणारा माणूस. मला तो लबाड वाटायचा. आर्णीजवळच्या त्या जिनिंगवर मी देखरेखीला होतो. कापसाचा भाव पडलेला, निम्मे रेचे झाकून ठेवलेले, आणि सामान चोरीला जातंय असं मालकांच्या डोक्यात बसलेलं. "वायरमनवर नजर ठेव," ते म्हणाले. मला सांगायचीही गरज नव्हती. भाजीवाल्याची तागडी मी आजही तपासतो.

एकदा त्याने माझ्यासमोर बटणाची पेटी उघडली. "पाहा भाऊ. हिरवं दाबलं का ह्या दोन पत्त्या भेटतात. बोट काढलं का स्प्रिंग त्याइले दूर करते. तवरक आतल्या चुंबकानं लाइन पकडली राह्यते, म्हणून रेचा चालते. लाल दाबलं का चुंबक सोडते."

"मग फ्यूज कायले काढता?"

"रुई जाऊन हिरवं आतच अडकलं तर? लालवर बोट आहे तवरक बंद. बोट काढलं का पुन्हा चालू."

मला वाटलं, हा मला गुंडाळतोय.

त्याच आठवड्यात मी फाटकावर, सगळ्यांदेखत, त्याची झडती घेतली. कुर्त्याच्या खिशात तीन फ्यूज निघाले.

"तीन नंबरच्या रेच्याचं हिरवं अडकून राह्यलं भाऊ. नवी स्प्रिंग येईपर्यंत कोनं चालू करू नये, म्हणून घरी नेऊन राह्यलो."

सापडलेला चोर कारणं सांगतोच. मालकांनी त्याला तिथल्या तिथे काढलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली.

सकाळी ते फ्यूज मीच बसवले. मेन स्विच ओढताच तीन नंबर आपोआप फिरू लागला. बटण दाबायचं काम वाचलं म्हणून मी खूशच.

दुपारी त्यात कापूस अडकला. बायांपैकी कांताबाईने एका हाताने लाल बटण दाबून धरलं, रेचा थांबल्यावर दुसरा हात आत घातला. मग बटणावरचा हात काढला. तिची दोन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी चाचा आला, कुणी न बोलावता. सोबत आणलेली स्प्रिंग बसवली, बटण दहादा दाबून पाहिलं. चहा घेतला नाही.

"चाचा, माझं चुकलं," मी म्हणालो.

"कांताबाई कशी आहे?"

"यवतमाळले दवाखान्यात आहे."

तो फाटकापर्यंत गेला आणि थांबला. दोन्ही खिसे बाहेर काढून उलटे केले, हात वर केले. मी बाजूला झालो, जा म्हणालो. तो हलेना.

"पाहून घ्या भाऊ."

बाया बघत होत्या. शेवटी मला त्याची झडती घ्यावी लागली.