आधी मनात, मग तोंडात

अफसाना मॅडमच्या क्लासात इंग्रजी बोलायला शिकायचं, तर आधी गप्प बसायला शिकावं लागायचं. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, तेवढंच त्यांचं राज्य. 'मायसेल्फ जोतीराम' म्हणणाऱ्याला त्या 'आय ॲम जोतीराम' म्हणायला लावत, 'डिडन्ट वेंट'चं 'डिडन्ट गो' करून घेत. चुकीचं वाक्य कानावर पडलं की त्यांचं डोकंच सणकायचं. नियम एकच: वाक्य आधी मनात जुळवायचं, तपासायचं, मगच तोंड उघडायचं. नाहीतर गप्प बसायचं.

बाई काही दुष्ट नव्हत्या हो. शाळेत त्यांच्या इंग्रजीला हसून हसून पोरींनी त्यांना रडकुंडीला आणलं होतं. आपल्या पोरांवर ती पाळी येऊ नये, एवढीच त्यांची तळमळ.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणारा जोतीराम आला तेव्हा भलताच बडबड्या होता. धडाधड चुकायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. फाउंड्रीतला नवा मॅनेजर परमुलखातला, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. सुपरवायझर व्हायचं तर त्याच्याशी इंग्रजीतच बोलायला हवं होतं. बाईंनी जोतीरामला असा काही घासला, की दिवाळीपर्यंत गड्याची एक चूक सापडेना. फक्त प्रत्येक वाक्याआधी तो थांबायला लागला. डोळे मिटायचे, ओठ नुसते हलायचे. हे थांबणं दिवसेंदिवस लांबत चाललं होतं, आणि त्याचं हसणं तर कधी बंद झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

एकदा त्याची बायको संयोगिता जिना चढून क्लासात आली. "मॅडम, घरात मराठी बोलतानाबी थांबत्यात हो," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय." बाईंनी तिला हसून वाटेला लावलं. आग लागो त्या हसण्याला! तिथंच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

पुढं फाउंड्रीत एका सकाळी जोतीरामला क्रेनच्या हुकाला गेलेली चीर दिसली. वितळलेल्या लोखंडाची बादली त्याच हुकाला लटकायची. क्रेन थांबवायचा अधिकार एकट्या मॅनेजरचा, म्हणून तो केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला. मॅनेजरनं काय काम आहे म्हणून विचारलं. जोतीरामनं डोळे मिटले. मॅनेजरनं वाट बघितली, पुन्हा विचारलं, मग त्याचा फोन वाजला आणि त्यानं हातानंच जा म्हणून खुणावलं. जोतीराम वाक्य जुळवतच कामावर परतला. दुपारी बादली सुटली. खाली त्याचा जोडीदार सयाजी होता. तो जागच्या जागी गेला.

जोतीरामनं थांबत थांबत घरी सांगितलेलं हे सगळं पोरांकडून बाईंच्या कानावर आलंच होतं. पंधरवड्यानं जोतीराम क्लासात येऊन मागच्या बाकावर बसला, तेव्हा कुणी वहीसुद्धा उघडली नाही. बाई त्याच्या बाकापाशी गेल्या. त्यांनी विचारलं, "तुला दिसलं होतं ना रे? मग बोलला का नाहीस?"

जोतीरामनं डोळे मिटले. ओठ हलत राहिले. खाली रिक्षा थांबली, गेली. बाईंना ओरडावंसं वाटलं, कसंही बोल, चुकीचं बोल, पण बोल.

"देअर इज अ क्रॅक इन द हुक, सर. प्लीज स्टॉप द क्रेन."

मग त्यानं डोळे उघडले.

"आता बरोबर हाय न्हवं, मॅडम?"

वाक्यात एकही चूक नव्हती.