अस्थींचा तांब्या

लकव्याने यांचं उजवं अंग गेलं तेव्हापासून मी देवाशी अबोला धरला होता. राहायला प्रवरासंगमाला, दारातून गोदावरी दिसते, घाटावर महादेव, आणि माझे हात काही जुळत नव्हते. माझी थोरली नणंद, सुमनवन्सं, रोज पहाटे होडीत पाय ठेवण्याआधी नदीला नमस्कार करायच्या. मी तेवढ्या वेळात वल्ही नीट आहेत का ते पाहत बसायची. वल्ही दोनच, त्यात पाहायचं काय असतं, पण रुसलेल्या माणसाला काहीतरी काम लागतं.

माझं माहेर पारनेरकडचं. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकरच्या मागे धावून हंड्यात आणायची वस्तू. लग्न होऊन आले ती मासे धरणाऱ्यांच्या घरात, तरी हे धडधाकट होते तोवर मी कधी काठ सोडला नव्हता. हे अंथरुणाला खिळले आणि होडीत बसणं भाग पडलं. वन्संनी मला शिकवलं. नवऱ्यामागे माहेरी परतलेली ही बाई वाळक्या शेंगेएवढी दिसते, पण पाण्यावर तिच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. दोन नद्या भिडतात तिथे, वरून धरणाचं पाणी सुटलं आणि परतीच्या पावसात पूर्वेचा वारा उलटा आला, की खळबळणाऱ्या पाण्याचा एक पट्टा तयार होतो. लाटा तिथल्या तिथे उभ्या राहतात. मासाही नेमका तिथेच गोळा होतो. वन्सं त्या पट्ट्यात कधी घाईने शिरत नसत. आधी कडेला थांबून पाणी बघायच्या, मग होडीचं टोक लाटेसमोर धरून हळूच आत जायच्या. होडी आडवी होऊ द्यायची नाही, बसायचं तळाशी, आणि जाळ्याचा दोर हातात धरायचा, होडीला बांधायचा नाही. जाळं गेलं तरी चालेल, होडी राहिली पाहिजे, असं त्या मला पहिल्या दिवसापासून सांगत आल्या होत्या.

त्या सकाळी आम्ही आदल्या संध्याकाळी टाकलेलं जाळं काढायला निघालो होतो. वारा होताच. घाटावर एक थोराड माणूस उभा होता, मुंडन केलेला, हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेला तांब्या. संगमनेरकडचा होता. आईच्या अस्थी दोन्ही पाण्यांच्या मधोमध सोडायच्या, तशी तिची इच्छा होती, पण वारा बघून कुणी होडी काढायला तयार नव्हतं. मीही मान हलवली. आपल्याच जिवाची खात्री नाही, तिथे आणखी एक वजनदार जीव कशाला घ्यायचा?

वन्संनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, तांब्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "जाळं काढाया जायाचंच हाय. बसा दादा. पर फळीवर न्हाई, खाली बसायचं."

पट्ट्याच्या कडेला जाळ्याच्या खुणेसाठी दोराला बांधलेला आमचा तरंगता डबा हाती लागला. तो माणूस डोळे मिटून काहीतरी पुटपुटत अस्थी सोडत होता, वन्सं वल्ह्यांवर होत्या. ओल्या दोराने माझे तळवे सोलवटले होते, आणि घरात जाळं एवढं एकच. ते निसटलं तर काय करायचं, या धास्तीने मी दोर होडीच्या मागच्या कडीला बांधून टाकला. वन्संचं लक्ष नव्हतं. त्या माणसाने तांब्या विसळला आणि तोही पाण्यात सोडायला हात लांबवला, तेवढ्यात हिसका बसला. जाळं तळातल्या बुडालेल्या बाभळीत अडकलं होतं. होडीचं मागचं टोक दबलं, काठावरून पाणी आत आलं आणि होडीतलं पाणी उपसायचा डबा वाहून गेला. दुसरी लाट आली तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं.

मी गाठीशी झटत होते. ती दगडासारखी घट्ट झाली होती. होडीत ठेवलेला कोयता पाण्याखाली कुठे गेला ते कळेना. मी रडत ओरडले, "वन्सं, सुटत न्हाई वो!"

"वढू नगंस वैनी," त्या म्हणाल्या, आवाज जराही न चढवता. "ताणल्याली गाठ सुटत न्हाई. म्या मागं नेते. दोर सैल झाला की सोड. दादा, तुमी पानी उपसा."

"कशानं?" तो म्हणाला, आणि मग त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. तांब्या अजून हातातच होता.

तो आईच्या तांब्याने पाणी उपसू लागला. "आई, आई," म्हणत होता. आणि वन्सं होडी काठाकडे नव्हे, उलट्या वल्ह्यांनी त्या जाळ्याकडेच नेत होत्या, जिथून मला पळायचं होतं. मी हात गाठीवर नुसते ठेवून बसले. त्या क्षणी मीही आई म्हणाले. कुणाला, ते आजही सांगता येणार नाही. वाऱ्याचा एक झोत आला, होडी मागे सरकली, दोर ढिला पडला आणि गाठ सहज उकलली. मी दोर सोडून दिला. होडीने मान वर काढली.

काठाला लागून घरी आलो तर हे कसेबसे सरकत दारापर्यंत येऊन भिंतीला टेकून बसलेले, सगळं पाहिलेलं. डावा हात कपाळाला लावला होता आणि डोळे वाहत होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि किती दिवसांनी महादेवाकडे तोंड करून हात जोडले. ह्यात चमत्कार काय होता, हे मी कुणाला पटवायला जात नाही. डबा गेला आणि तांब्या राहिला, एवढंच मला माहीत आहे. ज्या माणसाला मी नको म्हणत होते, त्यानेच आम्हाला काठावर आणलं. यांचं अंग काही परत आलं नाही. पण त्या दुखण्याला मी वर्षभर ओढत होते, ते मात्र सोडलं, आणि तेव्हापासून घरातली माणसंही जरा मोकळं हसू लागली.

त्या दादाने तांब्या नेला नाही. "इथंच असू द्या ताई, आईला कुनाच्या तरी कामाला यायची सवय व्हती," म्हणाला. अस्थींचा तांब्या होडीत ठेवतात का, म्हणून लोक नावं ठेवतात. ठेवू देत. रोज पहाटे वन्सं नमस्कार करतात तेव्हा मी तो भरून घेते आणि पुन्हा नदीत ओतते. त्या माऊलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी आपली आई म्हणते, आणि जाळ्याचा दोर हातात घेते.