काचेआडचं पाणी

समाधान कुरुळीत फ्रेमा करतो. मूळचा लातूरकडचा. आधी कंपनीत होता, पण कुणाचं ऐकून घेण्याचा त्याचा पिंड नाही, म्हणून हे दुकान. माझं झेरॉक्सचं दुकान त्याला लागून, त्यामुळे त्याचा हट्टीपणा मी फुकटात सोसतो. देवाचा फोटो असो नाहीतर सर्टिफिकेट, कागद काचेला टेकू द्यायचा नाही. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालायची, मागची फट न् फट चिकटपट्टीनं बंद करायची. गिऱ्हाईक कुरकुरलं तर तोंडावर सांगतो, "दुसरीकडं जावा." असा फटकळ माणूस धंद्यात टिकतो कसा, देव जाणे.

चऱ्होलीच्या छबूबाईंचे मालक अर्जुनराव वारले, तेव्हा त्यांचं चित्र याच्याकडे आलं. अर्जुनरावांना फोटोचा तिटकारा. आधार कार्डावरचा चेहरा तर त्यांच्या मुलाला, रविराजलाही, ओळखू येत नाही. गावच्या उरुसात एका पेंटरनं समोर बसवून जलरंगात काढलेलं हे चित्र, तेवढंच काय ते. त्यात ते हसत होते. रविराजच्या फोनात या चित्राचा एक तिरपा फोटो होता. तो बघून छबूबाई म्हणाल्या, "ह्ये आमचं न्हाईत." समाधाननं मन लावून फ्रेम करून दिली.

दिवाळीत रविराजचा फोन आला, चित्रावर डाग पडलाय. समाधाननं मला गाडीवर मागे बसवलं आणि आम्ही गेलो. पाहिलं तर सदऱ्याचा निळा रंग फुटला होता आणि ओलीची कड खालून वर, गळ्यापर्यंत चढली होती.

तेवढ्यात छबूबाई तांब्या घेऊन आल्या. ओल्या फडक्यानं काच वरून खाली पुसली, गंध लावलं, पाणी मारलेला झेंडूचा हार घातला. ओघळ काचेवरून उतरून फ्रेमच्या खाचेत जिरले.

"रोज आंघूळ घालती," त्या म्हणाल्या. "बिनआंघुळीचं ते च्या घ्यायचं न्हाईत."

समाधान खाचेकडे बघत होता. आता हा म्हातारीला तोडून बोलणार, असं मला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "भिंतीला ओल हाय, मावशी. मी चित्र नेतो, उघडून वाळवतो."

"वर्सश्राद्ध झाल्याबिगर त्यांना घराभाईर न्हाई काढायचं."

"मग भिंत तरी बदला."

परतताना मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंस? निदान रविराजला तरी सांग."

"तो आईवर खेकसंल. नको. सांगू पुढं."

संक्रांतीला रविराज भेटला. भिंत बदलली, तरी ओल हनुवटीला लागली म्हणाला. समाधान खिळे ठोकत राहिला. मला त्याचा राग येत होता आणि चित्र पुरतं जाईल अशी भीतीही वाटत होती, पण मीही तोंड उघडलं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि छबूबाई रविराजला घेऊन स्वतःच दुकानात आल्या. समाधाननं मागची पट्टी कापली. कुबट वास आला. पागोटं तेवढं शाबूत होतं. त्याखाली डोळे नव्हते, हसू नव्हतं, नुसता तपकिरी चिखल होता. छबूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, तर बोटाला रंग लागला.

"फ्रेमच बोगस तुझी," रविराज म्हणाला.

छबूबाईंनी हातानंच त्याला गप्प केलं. "भिंत तर बदलली व्हती. मग ह्ये पानी कुठलं रं?"

समाधाननं मान वर केली नाही. "रोजच्या आंघोळीचं, मावशी."

छबूबाईंनी रंग लागलेलं बोट पदरात धरलं.

"दिवाळीत आला व्हतास, तवाच कळलं व्हतं तुला?"

"व्हय."

"मग मला त्यांचं तोंड का धुऊ दिलंस?"