चंद्र खोटा ठरवणारं गाऱ्हाणं

मुलीला कोल्हापूरला भौतिकशास्त्राला प्रवेश मिळाला आणि त्याच आठवड्यात माझ्या मोठ्या दिरांनी जाहीर केलं की चंद्रावर माणूस कधी गेलाच नाही. ते मुंबईहून निवृत्त होऊन आमच्या गावी, मिठबावला परतले होते आणि दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. बघायचे तर बघोत. पण जे शास्त्र एवढी मोठी थाप मारतं ते शिकायला पोरीला घाटापलीकडे कशाला पाठवायचं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या नवऱ्याने थोरल्या भावाचा शब्द आजवर मोडलेला नाही. त्यामुळे मला चंद्रात लक्ष घालावं लागलं.

"वारो नाय, तर झेंडो कसो फडफडता?" भावजींनी विचारलं.

"वरच्या कडेला आडवी दांडी आहे. रोवताना हलवला म्हणून हलला," मी सांगितलं.

"आनी आकाशात एक तरी चांदणी दिसता?"

मुलीने त्यांचाच मोबाइल उचलला. त्यातला जत्रेतल्या दशावताराचा फोटो शोधून दाखवला. झगझगीत दिव्यांत राजा उभा, मागे आकाश काळं कुळकुळीत. "हयसर पण चांदण्या नाय. मगे दशावतार पण खोटोच काय हो काकानू?"

"तोंड बघ गो हेचा," भावजी म्हणाले आणि मोबाइल खिशात घातला. पटलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे कोणी लांब निघालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. घरातला वडीलधारा पुरुष मालवणीत देवाला मागणं सांगतो आणि जमलेले भाऊबंद प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मुलगी निघायच्या आदल्या संध्याकाळी भावजी उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातला चेडू शिकूक भायर जाता."

"व्हय म्हाराजा!"

"तेका ह्या खोट्या चंद्राच्या नादातसून सोडव."

"व्हय म्हाराजा!"

"आनी तेका हयच ठेव."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा. बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. माणसं तालावर होकार देतात, ऐकत कोणीच नसतं. पण देवापुढे हो म्हटलं ते म्हटलं. "आता काय करूचा?" तो मला हळूच म्हणाला. "देवासमोर बोलान झाला."

"माझं राहिलंय ना," मी म्हटलं आणि नारळापुढे जाऊन उभी राहिले. आमच्या घरात बाईने कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. कोणीतरी खाकरलं. मी घाई केली नाही.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडू उद्या कोल्हापुराक जातला."

व्हय म्हणायच्या आधी सगळ्यांनी भावजींकडे बघितलं.

"तेचो अभ्यास बरो होऊ दे."

"व्हय म्हा..." भावजींच्याच तोंडून सवयीने निघालं आणि अर्ध्यावर अडकलं. एक चुलत सासरे हसले, मग बाकीचे. उरलेला "राजा" सगळ्यांनी मिळून पुरा केला.

"आनी उद्या ता चंद्रार गेलाच, तर तेका कोणी खोटा म्हणू नये असा कर."

"व्हय म्हाराजा!" या वेळी नवऱ्याने आधी ऐकलं, मग म्हटलं.

भावजी जेवायला थांबले नाहीत. मी त्यांचं ताट झाकून घरी पाठवलं, माफी पाठवली नाही.

दुसऱ्या दिवशी फोंडाघाटच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली. मुलगी खिडकीत जाऊन बसली. नवरा बॅग हातात धरून खालीच उभा.

"देवान दोघांतला कोणाचा आयकला असात गो?"

"गाडी सुटतेय," मी म्हटलं. "बॅग आधी वर द्या."