दोन बोटांएवढं चित्र

सुधीरदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोलून अठरा तासही झाले नव्हते. सकाळी सात वाजता मोबाइलवर मंगलावहिनींचं नाव दिसलं आणि मी घाबरलो तो भलत्याच कारणाने. मला वाटलं, दादाला कळलं. आता त्याचाच आवाज येणार, 'पम्या, गाढवा' अशी सुरुवात होणार... आवाज वहिनींच्या भावाचा होता. ऑपरेशनला न्यायच्या आधीच सगळं संपलं होतं. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते इथे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. चला, आता त्याला कधीच कळणार नाही, असं माझ्या मनात आलं. त्या एका विचाराने गेला सव्वा महिना मला धड जेवू दिलेलं नाही.

सुधीरदादा माझा आतेभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. नाशिकबाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नसेल, पण त्याची चित्रं लांबलांबच्या बाजारांत जाऊन आली आहेत. द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं काढणं हा त्याचा धंदा. इंदिरानगरच्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. बागायतदार यायचे आणि प्रत्येकाला लेबलावर सगळं हवं असायचं. बाग हवी, ट्रॅक्टर हवा, कुलदैवत हवं, वर नातवाचा फोटोही हवा. दादा सगळं ऐकून घ्यायचा, चहा पाजायचा आणि मग विचारायचा, "मार्केटात तुमची पेटी माणूस उभं राहून बघणार का चालता चालता?" लेबल तयार झालं की ते दुसऱ्यांच्या वीस लेबलांमध्ये लोखंडी कपाटावर चिकटवायचा आणि स्वयंपाकघरातून वहिनींना हाक मारायचा. वहिनी पिठाचे हात घेऊन दारात यायच्या, कपाटावर एक नजर टाकायच्या आणि मागे वळायच्या. "काय दिसलं?" दादा विचारायचा. त्या 'मोर' म्हणाल्या तर लेबल पास. 'बघितलं नाही नीट' म्हणाल्या तर नापास. शिकलेले डिझायनर या परीक्षेला हसायचे, मीही हसलो होतो.

मी दोन वर्षं नोकरी सोडून एक व्हिडिओ गेम बनवत होतो. गोदावरीला पूर आलाय आणि एक मुलगी छपरांवरून छपरांवर आपल्या शेळ्या वाचवत नेते आहे, असा तो खेळ. गाव म्हणजे आमचं सायखेडा, मी लहान असताना पुरात बुडालेलं, नाव तेवढं बदललेलं. गेम पुरा झाला आणि एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने सात दिवसांच्या नव्या गेमांच्या उत्सवात तो घेतला. हे सात दिवस म्हणजे आमच्यासारख्या एकट्यादुकट्याचं सर्वस्व. त्यात लोकांची नजर पडली तर पडली, नाहीतर गेम कायमचा तळाशी जातो. आणि नजर पडते ती कशावर, तर थंबनेलवर. दुकानात शेकडो गेमांची छोटी चित्रं ओळीने लावलेली असतात, त्यातलं आपलं एक. मी ते महिनाभर खपून काढलं होतं. सतरा घरं, नदी, फाटलेलं आभाळ, देऊळ, छपरावर मुलगी, सात शेळ्या. मोठ्या पडद्यावर बघताना माझ्याच अंगावर काटा यायचा.

मी ते दादाकडे दाखवायला नेलं. त्याने ते दोन बोटांएवढं करून छापलं, इतर वीस गेमांच्या चित्रांमध्ये कपाटावर लावलं आणि हाक मारली. वहिनी आल्या. "काय दिसलं?" वहिनींनी माझ्याकडे बघितलं, त्यांना बिचाऱ्यांना माझं मन मोडायचं नव्हतं. "कसलीतरी जत्रा आहे," त्या म्हणाल्या.

मला राग आला. दादा म्हणाला, "लय भारी काढलंयस रे, पण तुझ्या भिंतीवर. दुकानात आलेला माणूस तुझं चित्र बघायला आलेला नाय, तो पुढे चाललाय." मग चार दिवस त्याने स्वतःचं चित्र केलं. मागे सगळा हळदीसारखा पिवळा रंग, कारण आजूबाजूची सगळी चित्रं निळी-काळी होती. त्यावर शेळीचा मोठा चेहरा, तिच्या मानेभोवती मुलीचा हात, खाली दोन शब्दांचं जाड नाव. बास. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, शेळी घाबरलीये." पास झालं. मी मात्र विचारलं, "यात पूर कुठाय? गाव कुठाय?" "गाव आत आहे, गेममध्ये." "ज्यांचं गाव पाण्यात गेलं त्यांना हे असलं चालत नाही, दादा. तू तेव्हा इथे नाशकात चित्रकला शिकत होतास." हे मी बोलायला नको होतं. त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "गेम तुझा आहे. पण लावायचं असेल तर हेच लाव. माझं ऐक." मी हो म्हणालो.

चित्र द्यायच्या शेवटच्या दिवशीच दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. त्याला दाखल केलं, तीन नसा बंद निघाल्या, बायपास ठरली. मी हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा मुदतीला अर्धा तास उरला होता. दोन्ही चित्रं समोर उघडी होती. एकदा दिलं की उत्सव संपेपर्यंत बदलता येणार नव्हतं. मला शेळी दिसत होती आणि माझी दोन वर्षं कुठेच दिसत नव्हती... मी माझं चित्र दिलं. विचारायला दादा जागा नव्हता, असं मी नंतर स्वतःला समजावलं. तो जागा होता. मी फोन केला नाही, एवढंच.

उत्सव सुरू झाला आणि पहिल्या तीन दिवसांत माझा गेम कुणी उघडूनही बघेना. चौथ्या दिवशी हॉस्पिटलमधून निरोप आला की दादा बोलावतोय, दुकानातलं पान बघायचंय. दुसऱ्या दिवशी त्याचं ऑपरेशन होतं. त्याला त्रास होईल असं काही बोलू नका, असं डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं होतं. मी घरी बसून दुकानाच्या पानाचा फोटो घेतला आणि माझ्या चित्राच्या जागी त्याचं चिकटवलं. कडा जुळवल्या, रंग जुळवले. एवढ्या सफाईने मी आयुष्यात काही केलं नव्हतं.

दादाने माझा मोबाइल हातात घेतला, हात लांब करून बघितलं, मग जवळ घेऊन बघितलं. पलीकडे वहिनी मोसंबं सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "उठून दिसतंय," दादा म्हणाला. "हो." "तू खूश आहेस ना?" "हो, दादा." "मग झालं," म्हणून त्याने मोबाइल परत दिला आणि माझ्याकडे पाण्याचं भांडं मागितलं. मी पाच मिनिटंही थांबलो नाही. गाडी लावायला जागा मिळाली नव्हती असं काहीतरी सांगून निघालो.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. नव्या हंगामाची लेबलं मागायला लोक येत होते, दादाच्या कॉम्प्युटरमधून ती काढून द्यायची होती. काम झाल्यावर त्यांनी हॉस्पिटलच्या पिशवीतून एक कागद काढून पुढे ठेवला. "हे तुमचं आहे, भाऊजी." रुग्णाच्या जेवणाचा छापील तक्ता होता तो. मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने दोन बोटांएवढे पाच चौकोन काढलेले, चारांवर काट मारलेली. पाचव्यात मुलगी, तिच्या खांद्यावर शेळी आणि मागे एकच बंद दार, कडीपर्यंत पाणी चढलेलं.

ते दार माझं होतं. माझ्या चित्रात सतरा घरं होती, त्यात अगदी मागे, नखाएवढं, आमचं सायखेड्याचं घर, म्हणजे दादाचं आजोळ, मी काढलं होतं. बाहेरून कडी लावून आम्ही निघालो तेव्हा पाणी त्या कडीला टेकलं होतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ते सापडायचं तर कुणीतरी माझं चित्र मोठं करून एकेक घर बघायला हवं होतं. चौकोनाच्या बाजूला दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पम्याचं दार. हे ठेव. बाकीची सोळा घरं काढून टाक.'

"हे कधी काढलं त्याने?" मी विचारलं. "तुम्ही येऊन गेलात ना, त्यानंतर. जेवण येईपर्यंत काढत बसले होते."

मग माझा बांध फुटला. मी सगळं सांगून टाकलं, चित्र बदलल्याचं, फोटो जुळवल्याचं, सगळं. वहिनींनी मला मधेच थांबवलं. "मला ठाऊक आहे हो. त्या दिवशी सकाळीच आम्ही माझ्या मोबाइलवर बघितलं होतं. तीनदा वरखाली केलं तरी तुमचा गेम यांना सापडेना. शेवटी मी नाव वाचून दाखवलं."

"तरी मला काही बोलला नाही?"

"मी म्हटलं त्यांना, अहो, भाऊजी समोर धडधडीत खोटं बोलत होते, गप्प कसे बसलात? तर म्हणाले, आत्ता बोललो तर दम लागेल. ऑपरेशन होऊ दे, मग पम्याला सावकाश बसवून शिव्या घालतो, त्यात मधेच थांबून चालत नाही."

आम्ही दोघंही हसलो. वहिनी डोळे पुसत आत गेल्या, बहुतेक चहा टाकायला. ते पाचव्या चौकोनातलं चित्र मी आता दुकानात लावलं आहे, सोळा घरं काढून टाकून. उत्सव केव्हाच संपला, आता ते कुणाला दिसेल न दिसेल. त्याचं मला काही वाटत नाही. त्या शिव्या मात्र मला हव्या होत्या.